पट भरायची घाई नको

अगं, लेकीला सहावं लागलं म्हणून आता बुद्धिबळ शिकवायला घेणार म्हणालीस, फार बरं वाटलं. गल्लीतल्या पोरांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून जे हाती लागलं ते सांगून ठेवते. सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते: पहिल्या दिवशी 32 मोहरे पटावर मांडू नकोस. आपल्याला वाटतं, सगळे नियम एका दमात सांगितले की मूल खेळायला मोकळं. पण सहा तऱ्हेच्या चाली एकदम ऐकून मुलाच्या ध्यानात एकही राहत नाही आणि आपण ‘हिचं लक्षच नाही’ म्हणून हात झटकतो. एका वेळी एकच मोहरा घे, त्याचा एक खेळ कर. तो हातात बसला की मगच पुढचा.

आधी रिकामा पट दे. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे, हे तिनं दरवेळी स्वतः बघायचं. उभ्या आणि आडव्या रांगा मुलांना लगेच दिसतात, तिरकी रांग दिसायला वेळ लागतो. एकाच रंगाच्या घरांवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिला बोट फिरवू दे.

पहिला मोहरा हत्ती. सरळ चाल, गोंधळ नाही. पटावर इकडेतिकडे शेंगदाणे ठेव आणि हत्तीनं एकेक खायला सांग. खाल्लेला दाणा खरोखर तोंडात जाऊ दे. मग उंट, त्याचाही असाच खेळ. मग मोजायला लाव. रिकाम्या पटावर हत्ती कुठंही ठेवला तरी त्याला 14 घरं मिळतात. उंटाला मात्र कोपऱ्यातून 7 आणि मध्यावरून 13. पटाचा मध्य का धरायचा, हे तुला सांगावंच लागणार नाही. वजिराला वेगळा दिवस नको. हत्ती आणि उंट दोघांच्या चाली त्याला येतात एवढं म्हटलं की झालं.

घोड्याला घाई करू नकोस. ‘अडीच घरं’ हे आपल्या तोंडी बसलेलं आहे, पण अर्धं घर कुठलं, हे लहान मुलाला उमगत नाही. ‘दोन घरं सरळ, मग एक बाजूला’ असं म्हण. चाल बरोबर झाली का, हे तपासायची खूणही दे: पांढऱ्या घरातला घोडा काळ्यात उतरतो, काळ्यातला पांढऱ्यात. मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारणारा हा एकटाच. कोपऱ्यात त्याला दोनच घरं मिळतात, मध्यावर आठ.

प्यादं दिसायला गरीब, पण नियमांनी सगळ्यात अवघड. ते चालतं सरळ, मारतं तिरकं आणि मागं कधीच येत नाही. म्हणून दोन्हीकडे आठ-आठ प्यादीच मांडा. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या रांगेत पोचेल तो जिंकला. हा डाव आठवडाभर चालू दे, मुलं त्याला कंटाळत नाहीत. दोन घरं पुढं आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्यानं वाटेत मारायचा नियम मात्र मागं ठेव. पूर्ण पटावर डाव होऊ लागले आणि तशी वेळ समोर आली की तेव्हाच दाखव.

तुझे सासरे जुन्या देशी पद्धतीनं खेळतात ना? त्या डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळते. आजोबा चुकतात असं लेकीला सांगू नकोस. हे दोन वेगळे डाव आहेत, शाळेच्या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियम चालतात, एवढं सांग. त्या नियमांत शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा, हवा तो मोहरा होतो. आपला वजीर पटावर असला तरी दुसरा होतो.

राजा सगळ्यात शेवटी. राजाला मारायचं नसतं, कोंडायचं असतं. शह बसला की वाटा तीनच: पळायचं, शह देणाऱ्याला मारायचं, नाहीतर मध्ये कोणाला तरी आड घालायचं. तिन्ही बंद झाल्या की मात. पहिली मात दोन हत्तींनी करून घे. समोर एकटा राजा, एक हत्ती रांग अडवून बसतो, दुसरा पुढच्या रांगेत शह देतो. असं पायरी-पायरीनं राजाला पटाच्या कडेला न्यायचं. स्वतःच्या हातानं मात केलेल्या मुलाला डाव कशासाठी मांडायचा हे कळलेलं असतं. लगोलग बरोबरीही दाखव: शह नाही, पण नियमात बसणारी एकही चाल उरलेली नाही. समोरचा एकटा राजा कोपऱ्यात आणि आपला वजीर त्याच्यापासून घोड्याच्या उडीवर, हे चित्र तिच्या डोळ्यांत पक्कं बसव. जिंकलेले डाव पोरांच्या हातून इथंच निसटतात.

आता 32 मोहरे मांड. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्यात. किल्लेकोट याच वेळी शिकव. राजा दोन घरं हत्तीकडे सरकतो, हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. अटी मात्र नीट सांग: दोघंही आधी हललेले नकोत, मध्ये कोणी नको, राजाला शह नको, ज्या घरावरून जायचं आणि जिथं बसायचं तिथंही मारा नको. किमतीही सांगून ठेव: प्यादं 1, घोडा आणि उंट 3, हत्ती 5, वजीर 9.

सवयी पहिल्या डावापासूनच लाव. ज्या मोहऱ्याला हात लावला तोच खेळायचा. म्हणून आधी डोळे, मग हात. आणि प्रत्येक खेळीआधी तिनं मोठ्यानं विचारायचं, ‘समोरच्यानं आत्ता हे का केलं?’ चार खेळ्यांतली मात कोणीतरी शिकवेलच. तू आधी तिच्यापासून बचाव शिकव.

मुद्दाम हरू नकोस. मुलं ओळखतात आणि त्यांचा विश्वास उडतो. त्यापेक्षा स्वतःचा वजीर काढून ठेव आणि तसं तिला उघड सांग. ती तयार झाली की परत मांड. नाहीतर तुझा डाव वरचढ झाला की पट फिरव आणि तिची बाजू तू घे. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. ती ‘अजून एक’ म्हणत असतानाच आवर.

‘मुलीला काय करायचंय बुद्धिबळ?’ असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नकोस. देशातली पहिली राष्ट्रीय महिला विजेती 1974 मध्ये आपली वासंती खाडिलकर झाली. तिची बहीण रोहिणी 1981 मध्ये आशियाची विजेती झाली. आणि 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली. लेकीला ही नावं आजपासूनच ऐकू दे.

शिकवून झालं की नाही, हे कळायची एकच परीक्षा मी मानते. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या मामेभावाला शिकवायला तिलाच बसव आणि तू मध्ये बोलू नकोस. ती जिथं अडखळेल, तो मोहरा पुन्हा रिकाम्या पटावर घ्या.