बारा गुणांचे अंतर : मिशेल मूटॉन यांची रॅली-कारकीर्द

मोटारींची शर्यत म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकाच बंदिस्त मार्गावर घिरट्या घालणाऱ्या गाड्या येतात. रॅली ही त्याहून निराळी. येथे गाड्या एकमेकींशेजारी धावत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात आणि झुंज असते ती घड्याळाशी. मार्ग म्हणजे गावांना जोडणारे नेहमीचेच रस्ते : डांबरी, खडीचे, चिखलाचे, बर्फाचे. त्यांतील काही टप्पे रहदारीला बंद करून तेथे वेग मोजला जातो. दोन टप्प्यांमधले अंतर मात्र सामान्य वाहनाप्रमाणे, रहदारीचे सर्व नियम पाळून, नेमून दिलेल्या वेळेत कापावे लागते. वेळनोंदीच्या नाक्यावर उशिरा पोहोचणाऱ्याला दंड होतो. लवकर पोहोचणाऱ्यालाही होतो.

गाडीत दोघे असतात. सहचालक हा केवळ सोबती नव्हे. रॅलीपूर्वी दोघांनी मिळून रस्ता पाहिलेला असतो. प्रत्येक वळण किती अंतरावर, किती तीव्र, पुढे चढ की उतार, हे वहीत खुणांनी टिपलेले असते. प्रत्यक्ष धावत्या गाडीत सहचालक ती वही मोठ्याने वाचतो. एक ओळ चुकली, तर गाडी दरीत जाऊ शकते. टेकाडापलीकडचा रस्ता चालकाला दिसत नसतो, तो ऐकू येत असतो, असे म्हटले तरी चालेल.

या क्षेत्रात जागतिक अजिंक्यपद मालिकेतील रॅली जिंकणाऱ्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला चालक म्हणजे फ्रान्सच्या मिशेल मूटॉन. त्यांची कारकीर्द आम्ही अभ्यासासाठी निवडली, ती या ‘एकमेव’ शब्दामुळे नव्हे. त्यांना जे मिळाले आणि जे थोडक्यात हुकले, त्या दोहोंची कारणे तपासण्याजोगी आहेत.

मिशेल यांचा जन्म 23 जून 1951 रोजी दक्षिण फ्रान्समधील ग्रास येथे झाला. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी त्यांच्या कुटुंबाची गुलाब आणि जाईची शेती होती. कायद्याचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले आणि एका परिचित चालकाबरोबर सहचालक म्हणून त्या रॅलीत उतरल्या. म्हणजे त्यांनी आधी वही वाचली आणि मग चाक हाती घेतले. दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसण्यापेक्षा स्वतः चालवून पाहा, असे वडिलांनीच सुचवले. त्यांनी आल्पाइन-रेनो गाडी घेऊन दिली आणि अट घातली : एका वर्षात काय ते दाखव, नाहीतर हा नाद सोड.

येथे थोडे थांबले पाहिजे. या पित्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु त्यांच्यापाशी शर्यतीची गाडी घेण्याइतका पैसाही होता, हे विसरून चालणार नाही. रॅली हा खर्चाचा खेळ आहे. टायर, सुटे भाग, यांत्रिकांचा ताफा यांवाचून उत्तमातला उत्तम चालकही घरीच बसतो. असा पिता ज्यांना लाभला नाही, त्यांतल्या किती जणींच्या हाती गाडीचे चाक आलेच नाही, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही. या मुद्द्याकडे पुढे खुद्द मिशेलच वळल्या, म्हणून येथे त्याची नोंद केली.

वर्षाची अट त्यांनी सहज पेलली. 1974 मध्ये कॉर्सिका बेटावरील रॅलीत त्या बाराव्या आल्या. त्या इतक्या वेगाने कशा धावतात, याविषयी कुजबुज सुरू झाली. इंजिनात काही लबाडी असावी, असा संशय घेतला गेला. गाडी तपासली. वावगे काहीच सापडले नाही. 1975 मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत तीन महिलांच्या संघातून त्यांनी दोन लिटर गटात पहिला क्रमांक मिळवला आणि 1978 मध्ये फ्रान्सची मोटारफेरी जिंकली.

खरे वळण आले ते जर्मनीच्या ऑडी कंपनीच्या बोलावण्याने. ऑडीने 1980 मध्ये ‘क्वात्रो’ ही गाडी आणली होती : पाच सिलिंडरांचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना जोर. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या तोवर लष्कराच्या किंवा रानावनातल्या कामाच्या समजल्या जात. वेगवान गाडीत ती यंत्रणा म्हणजे नुसते ओझे, असे जाणकार म्हणत. चिखलात आणि बर्फात क्वात्रोने तो समज मोडून काढला. मात्र गाडी जड होती, नाकाडाकडे झुकणारी होती आणि नवी असल्याने वारंवार बिघडत असे. मिशेल यांच्या शेजारी बसण्यासाठी इटलीच्या फाब्रिझिया पॉन्स आल्या. 1981 च्या ऑक्टोबरमध्ये या दोघींनी सान रेमोची रॅली जिंकली. अखेरच्या टप्प्यात आरी वातानेन हे फिनलंडचे नामांकित चालक त्यांच्या पाठीशी लागले होते. तो दबाव मिशेल यांनी सोसला. चूक झाली ती वातानेन यांच्याकडून. त्याच वर्षीचे अजिंक्यपद पुढे वातानेन यांनीच मिळवले, हे लक्षात घेतले म्हणजे या विजयाचे वजन कळते.

1982 चे वर्ष अधिक बारकाईने पाहू. मिशेल यांनी पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील येथील रॅली जिंकल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी, जर्मनीचे व्हाल्टर रोर्ल, यांच्याकडे मागच्याच चाकांवर चालणारी, जुन्या धाटणीची ओपेल होती. पण ती सहसा थांबत नसे. ऑक्टोबरअखेर आयव्हरी कोस्टची रॅली आली. आफ्रिकेतील ही रॅली म्हणजे हजारो किलोमीटरचा लाल मातीचा प्रवास. ती सुरू होण्याच्या सुमारास ग्रासहून वार्ता आली, की कर्करोगाने आजारी असलेले वडील गेले. मिशेल यांना परत जायचे होते. आईने सांगितले, तू धावावेस हीच त्यांची इच्छा होती.

त्या धावल्या, आणि रोर्ल यांच्यावर त्यांनी तासाहून अधिक आघाडी घेतली. मग गाडीच्या गिअर-यंत्रणेत बिघाड झाला आणि दुरुस्तीत ती आघाडी वितळली. पुढे दाट धुक्यात गाडी रस्ता सोडून आदळली. रोर्ल जिंकले, आणि अजिंक्यपदही त्यांचे झाले. अखेरचा हिशेब असा : रोर्ल 109, मिशेल 97. रॅली जिंकणाऱ्याला तेव्हा 20 गुण मिळत.

पितृवियोगाने त्यांचे अजिंक्यपद हिरावले, असे सांगण्याची एक रीत आहे. आम्हाला ती पटत नाही. दुःखाची वार्ता ऐकूनच त्यांनी ती आघाडी घेतली होती. दगा दिला तो यंत्राने. शिवाय हंगामाच्या प्रारंभी मोंटे कार्लो येथे आणि नंतर फिनलंडमध्येही अपघाताने त्यांचे गुण हुकले होते. रोर्ल यांनी त्या वर्षी दोनच रॅली जिंकल्या, मिशेल यांनी तीन. पण रोर्ल जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटच्या नाक्यापर्यंत पोहोचले. रॅलीत वेगाइतकेच पोहोचण्याला मोल आहे. हे मान्य केल्याने मिशेल यांची थोरवी उणी होत नाही. उलट त्यांना दयेऐवजी इतर चालकांना लावतो तेच माप लावले जाते. आयव्हरी कोस्टनंतर महिन्याभरातच ब्रिटनच्या रॅलीत त्या सहकारी हानू मिकोला यांच्या मागोमाग दुसऱ्या आल्या. उत्पादकांचे अजिंक्यपद ऑडीकडे गेले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

पुढील वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो. 1985 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या डोंगराची चढाई त्यांनी 11 मिनिटे 25.39 सेकंदांत करून तेथील विक्रम मोडला. वाट सुमारे 20 किलोमीटरची, वळणे 156 आणि शिखर 4,300 मीटर उंचीवर. इतक्या विरळ हवेत इंजिनालाही धाप लागते. 1986 मध्ये प्यूजो गाडीतून त्यांनी जर्मनीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. परंतु त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसून माणसे दगावली आणि 2 मे रोजी कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन व त्यांचे सहचालक सेर्जिओ क्रेस्टो जळून मरण पावले. ‘ग्रुप बी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या अतिशक्तिमान गाड्यांवर बंदी आली. मिशेल यांनी त्याच वर्षी निवृत्ती घेतली. टोइव्होनेन यांच्या स्मरणार्थ 1988 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’ ही स्पर्धा सुरू केली.

2010 मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या महिला आयोगाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पित्याने गाडी घेऊन दिली म्हणून ज्यांना आरंभ करता आला, त्या आता इतरांच्या लेकींना चाकामागे बसण्याची सोय व्हावी म्हणून बैठका घेऊ लागल्या. या आयोगाच्या पुढाकाराने किशोरवयीन मुलींची निवड करून त्यांना शर्यतीचे प्रशिक्षण देणारा उपक्रम 2020 मध्ये सुरू झाला.

आता राहिल्या फाब्रिझिया पॉन्स. विजेत्यांच्या यादीत लोक चालकाचेच नाव वाचतात, म्हणून हे सांगणे भाग आहे. 1997 मध्ये पिएरो लियाती यांच्या शेजारी बसून त्यांनी मोंटे कार्लोची रॅली जिंकली. त्यानंतर जागतिक रॅलीत विजयी गाडीतून एखादी महिला उतरण्यास 25 वर्षे लागली. 2022 मध्ये त्याच मोंटे कार्लोत सेबॅस्टियन लोएब जिंकले, तेव्हा वही वाचणाऱ्या इझाबेल गाल्मिश होत्या. त्या पेशाने शाळेत गणित शिकवतात.