वर्गात बसायची परवानगी

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधला विंड टनेल आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. बटण दाबलं की टेबलफॅनसारखा घरघरतो आणि आपण जर्नल लिहायला मोकळे! १९५३ साली अमेरिकेतल्या लँग्ली प्रयोगशाळेत मेरी जॅक्सन ज्या टनेलवर काम करू लागली, तो ६०,००० हॉर्सपॉवरचा होता. त्यातला वारा ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावायचा.

मेरी १९५१ मध्ये तिथे 'कॉम्प्युटर' म्हणून लागली. तेव्हा हे यंत्राचं नव्हे, हुद्द्याचं नाव होतं. हाताने आकडेमोड करणाऱ्या त्या बायका, आणि त्यातही कृष्णवर्णीय बायकांचा विभाग वेगळा. टनेलवरच्या तिच्या साहेबांनी सुचवलं, तू इंजिनिअरच हो.

त्यासाठी लागणारे गणित-फिजिक्सचे वर्ग हॅम्प्टन हायस्कूलमध्ये भरत. शाळा फक्त गोऱ्यांची. मेरीचा जन्म त्याच गावातला, पदवीही तिथलीच, तरी त्या वर्गात बसायला तिला नगरपालिकेकडून खास परवानगी काढावी लागली. लायब्ररीत उशिरापर्यंत थांबायचं तर रेक्टरची सही लागते, म्हणून मी किती कुरकुरते!

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अंतराळाची शर्यत पेटली. १९५८ मध्ये नासा सुरू झाली आणि त्याच वर्षी मेरी नासाची पहिली कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर झाली. तिचा तेव्हाचा रिपोर्ट शंकूंवर आहे. पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा थर आधी शिस्तीत (लॅमिनर) असतो, पुढे कुठेतरी विस्कटतो (टर्ब्युलंट). विस्कटला की घर्षण वाढतं, पृष्ठभाग जास्त तापतो. टोकाचा कोन आणि मॅक नंबर बदलला तर ही जागा कशी सरकते, ते तिने सहकाऱ्याबरोबर तपासलं. आपण चार मार्कांसाठी पाठ करतो, तीच ही आकृती.

१९७९ मध्ये तिने इंजिनिअरचं पद सोडलं आणि खालची ग्रेड पत्करून नासातल्या महिलांच्या नोकरी-बढतीचं काम घेतलं. मला हे आधी पटलंच नाही. एवढ्या खटपटीने मिळवलेलं पद कुणी सोडतं का? पण आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही चारच मुली. लॅबमध्ये रीडिंग लिहायला आम्हाला बसवतात, व्हॉल्व्ह मुलं फिरवतात. गेल्या गुरुवारी मी सरांना विचारलं, "मी फिरवू का?" सर म्हणाले, "विचारतेस काय, फिरव की!"