साध्या संगणकावर खेळाचे इंजिन सुरळीत चालविण्याची रीत

शाळेतील संगणक चालतो, परंतु त्यावर नवे काही शिकविता येत नाही, अशी तक्रार खेड्यांतील शिक्षकांकडून पुष्कळदा ऐकू येते. गोव्यातील माध्यमिक शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कोडिंग व रोबोटिक्सचे शिक्षण सुरू झाल्यापासून या तक्रारीला अधिक महत्त्व आले आहे. मुले ‘स्क्रॅच’वर लहान खेळ रचतात व पुढची पायरी म्हणून खऱ्या खेळ-इंजिनाकडे वळू पाहतात. तेथे घरचा किंवा शाळेचा जुना संगणक अडखळतो आणि ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असा चुकीचा समज मुलांच्या मनात घर करतो. हा समज दूर करणे अवघड नाही. त्यासाठी नेहमीच नवे यंत्र लागते असे नाही. बहुधा नीट हिशोब पुरतो.

खेळ-इंजिन म्हणजे काय

पडद्यावर चित्र काढणे, आवाज वाजविणे, वस्तूंची टक्कर ओळखणे, कळफलकाची आज्ञा घेणे ही कामे प्रत्येक खेळात करावीच लागतात. ती एकदा लिहून तयार ठेवलेली साधनसामग्री म्हणजे खेळ-इंजिन होय. ‘युनिटी’ व ‘अनरिअल’ ही इंजिने प्रसिद्ध आहेत. साध्या संगणकासाठी मात्र ‘गोडो’ हे इंजिन विशेष सोयीचे आहे. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्झूर यांनी ते घडविले आणि २०१४ साली सर्वांसाठी मुक्त केले. त्याला शुल्क नाही, ते आकाराने लहान आहे, आणि विंडोजप्रमाणेच लिनक्सवरही चालते.

काळाचा हिशोब

पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे होत. सेकंदाला ६० चौकटी दाखवावयाच्या असतील, तर एका चौकटीच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. ३० चौकटींसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. सर्व गणित व सर्व चित्रकाम एवढ्या अवधीत आटोपले पाहिजे. ते न आटोपल्यास खेळ अडखळतो. म्हणून साध्या यंत्रावर प्रथम ३० चौकटींचे उद्दिष्ट ठेवावे. एकदा ६० व एकदा २० अशी ओढाताण होण्यापेक्षा स्थिर ३० चौकटी डोळ्यांना अधिक सुखद वाटतात.

उदाहरणादाखल, नार्वे येथून मांडवी ओलांडून दिवाडीस जाणाऱ्या फेरीबोटीचा खेळ मुलांनी रचला आहे असे समजू. बोट प्रत्येक चौकटीला एक बिंदू सरकते असे लिहिल्यास, ६०० बिंदूंची नदी वेगवान संगणकावर १० सेकंदांत व मंद संगणकावर २० सेकंदांत पार होईल. त्याऐवजी ‘सेकंदाला ६० बिंदू’ असा वेग ठरवून, मागील चौकटीपासून गेलेल्या वेळेने त्यास गुणावे. मग दोन्ही यंत्रांवर बोट एकाच वेळी पैलतीरी पोहोचते.

आधी मोजमाप, मग उपाय

अडथळा कोठे आहे हे न पाहता केलेली काटछाट वाया जाते. गोडोमध्ये चौकटींची संख्या व प्रत्येक कामास लागणारा वेळ दाखविणारे साधन आहे. मोजताना पडद्याच्या गतीशी जुळवून घेणारी ‘व्ही-सिंक’ ही सोय तात्पुरती बंद ठेवावी. अन्यथा खरा आकडा कळत नाही. त्यानंतर खेळाची खिडकी निम्म्या आकाराची करून पाहावी. गती वाढली, तर भार चित्रकामाचा आहे. गती तशीच राहिली, तर भार बहुधा मुख्य प्रक्रियकाचा, म्हणजे आज्ञावलीतील गणिताचा किंवा वस्तूंच्या संख्येचा आहे. या एका परीक्षेने पुढील दिशा ठरते.

चित्रकामाचा भार

स्वस्त संगणकात चित्रकामासाठी वेगळी स्मृती नसते. मुख्य रॅममधूनच वाटा घेतला जातो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, गोडोच्या चौथ्या आवृत्तीत प्रकल्प सुरू करताना ‘कम्पॅटिबिलिटी’ ही चित्रणपद्धती निवडावी. ती ओपनजीएल ३.३ वर चालते. ‘फॉरवर्ड प्लस’ ही पद्धती नव्या चित्रकार्डांसाठी आहे.

दुसरी गोष्ट, पडद्याची सूक्ष्मता कमी करावी. १९२० × १०८० आकारात २०,७३,६०० बिंदू रंगवावे लागतात, तर १२८० × ७२० आकारात ९,२१,६००. काम निम्म्याहून कमी होते.

तिसरी गोष्ट, चित्रांचे आकार आवरावेत. ४०९६ × ४०९६ बिंदूंचे एक चित्र संक्षेप न करता ठेवल्यास ६४ मेगाबाइट स्मृती व्यापते. १०२४ × १०२४ चे चित्र ४ मेगाबाइटमध्ये मावते. पडद्यावर बोटभर दिसणाऱ्या माडासाठी मोठे चित्र वापरणे हा अपव्यय होय. काठावरील दोनशे माडांसाठी एकच चित्र पुनःपुन्हा वापरावे.

चौथी गोष्ट, पाणी, धुके व पाऊस असे पारदर्शक थर एकावर एक रचू नयेत. प्रत्येक थरासाठी तोच बिंदू पुन्हा रंगवावा लागतो.

पाचवी गोष्ट प्रकाशाची. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देवालय नार्वे येथे आहे. त्याची दीपमाळ खेळात दाखवावयाची झाल्यास, प्रत्येक पणतीसाठी सावली पाडणारा स्वतंत्र दिवा लावणे साध्या यंत्रास झेपणार नाही. उजेड चित्रातच रंगवून ठेवावा. त्रिमिती दृश्य असल्यास प्रकाशाचा हिशोब दुसऱ्या सशक्त संगणकावर एकदाच करून साठवावा. ज्योतीचा किंचित थरथराट दोन-तीन चित्रांच्या आलटापालटीने साधतो.

गणिताचा भार

प्रत्येक वस्तूने प्रत्येक चौकटीत विचार करण्याची गरज नसते. दूरच्या होडीने सेकंदातून चार वेळा दिशा तपासली तरी चालते. पडद्याबाहेरील वस्तूंचे काम थांबवावे. पावसाचे थेंब सतत निर्माण करून नष्ट करण्याऐवजी, पंगतीत तीच ताटे धुऊन पुन्हा मांडावीत तसे, जुनेच थेंब वरून पुन्हा सोडावेत. टक्कर ओळखण्यासाठी वस्तूच्या बारीक बाह्यरेषेऐवजी साधा आयत किंवा वर्तुळ पुरते.

यंत्राची निगा

चाचणी घेताना ब्राउझर व इतर आज्ञावल्या बंद कराव्यात. संपादक व खेळ एकत्र चालविल्याने स्मृती अधिक लागते. म्हणून खेळ निर्यात करून स्वतंत्रपणेही तपासावा. पंख्यात साचलेल्या धुळीने यंत्र तापते व तापलेला प्रक्रियक आपली गती आपणच कमी करतो. तेव्हा वर्षातून एकदा तरी सफाई करावी. रॅमची एकच पट्टी असल्यास तशीच दुसरी बसविल्याने, ज्या यंत्रात तशी सोय आहे तेथे, चित्रकामाला लक्षणीय लाभ होतो. एसएसडी बसविल्याने खेळ लवकर उघडतो, परंतु चौकटींची संख्या त्यामुळे विशेष वाढत नाही, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असली, तरी असे संगणक अडगळीत टाकण्याचे कारण नाही. त्यांवर हलकी लिनक्स प्रणाली बसविता येते.

मर्यादेचा लाभ

मर्यादित साधनांतून उत्तम काम झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात शत्रू जसजसे कमी होत, तसतसा यंत्रावरील भार हलका होऊन उरलेल्यांची गती वाढे. यंत्राची ही उणीव खेळाची रंगत ठरली. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा सारा पसारा ४० किलोबाइटमध्ये मावला, त्यातील ढग व झुडपे एकाच आकृतीची, केवळ रंग निराळे. ‘स्क्रॅच’मध्येही रंगमंच ४८० × ३६० बिंदूंचा व प्रतिकृतींची मर्यादा ३०० असते, तरी मुलांच्या कल्पकतेला ती आड येत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक लहान प्रयोग करून पाहावा. खेळाची मूळ गती फळ्यावर लिहावी, प्रत्येक वेळी एकच बदल करावा व नवा आकडा त्याखाली मांडावा. कोणत्या उपायाने किती लाभ झाला हे मुलांना स्वतः दिसेल. मोजणे, कारण शोधणे व मगच उपाय करणे ही सवय शेतीच्या पंपापासून कार्यालयातील हिशोबापर्यंत सर्वत्र उपयोगी पडणारी आहे. महाग यंत्र ज्याच्या घरी नाही, त्या मुलालाही ती लावून घेता येते.