गरम पाण्यातली पांढरी पूड : घाबरू नका, तपासून पाहा

25 डिसेंबर जवळ आला की देहूरोडच्या घराघरांत पाहुणे उतरतात. 1954 साली याच दिवशी बाबासाहेबांनी येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या आठवणीने धम्मभूमीवर वंदनेसाठी लोक लांबलांबून येतात. दिवस थंडीचे, घरात माणसे वाढलेली, त्यामुळे पहाटेपासून आंघोळीचे पाणी तापत असते. कुठे गिझर, कुठे हीटरची सळई, कुठे चुलीवरचे पातेले. याच दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते : बादलीच्या तळाशी पांढरी पूड बसते, पातेल्याला आतून पांढरा थर चढतो, हीटरवर खपली धरते.

मग चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, या पाण्याने मुतखडा होतो. कुणी म्हणते, पाण्यात काहीतरी मिसळले आहे. तेवढ्यात दारात पाण्याचे मशीन विकणारा येतो आणि घाबरलेले घर हप्त्यावर मशीन घेऊन बसते. तथागतांनी धम्माविषयी सांगितले ते एहिपस्सिको : ये आणि स्वतः पाहा. पाण्याच्या बाबतीतही तेच करू या.

ही पूड येते कुठून?

आपला हा सगळा भाग काळ्या कातळाचा आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, कातळाच्या भेगांतून फिरते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. म्हणून बोअरचे पाणी साधारणपणे जड असते. नदी-धरणाचे पाणी त्या मानाने हलके. ज्या घरी नळ आणि बोअर दोन्हींचे पाणी येते, त्यांना हा फरक जिभेवर कळतो. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही.

गार पाण्यात हे क्षार विरघळलेले असतात, म्हणून दिसत नाहीत. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि विरघळलेल्या कॅल्शियमचा काही भाग खडूसारखा घट्ट होऊन बाहेर पडतो. फळ्यावर लिहायच्या जुन्या खडूसारखी दिसणारी ती पूड म्हणजे बहुतेक वेळा हाच कॅल्शियम कार्बोनेट. कुणी काही मिसळलेले नसते. जे पाण्यात होते, तेच तापल्यावर दिसू लागते.

घरच्या घरी चार परीक्षा

1. काचेचा ग्लास. गरम पाणी ग्लासात घेऊन दोन-तीन मिनिटे ठेवा. पाणी दुधासारखे दिसत असेल आणि खालून वर स्वच्छ होत गेले, तर ती नुसती हवा आहे. काही करायची गरज नाही. पूड तळाशी बसली, तर पुढची परीक्षा करा.

2. स्वच्छ पातेले. तेच गार पाणी धुतलेल्या पातेल्यात उकळून थंड होऊ द्या. पांढरा थर आला, तर क्षार पाण्यातच आहेत. पातेल्यात काही आले नाही पण गिझरच्या पाण्यात येते, तर दोष गिझरच्या आत आहे.

3. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. पूड वाळवून बशीत घ्या आणि वर काही थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन ती विरघळली, तर ते क्षार समजा. विरघळली नाही, तुकडे प्लास्टिकसारखे असले किंवा चिकट बुळबुळीत गोळा असला, तर गिझरचा आतला भाग किंवा पाइप झिजत असेल. गिझरच्या टाकीला गंज लागू नये म्हणून आत धातूची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकी वाचवते, म्हणून ठरावीक काळाने बदलावी लागते. हे काम मेकॅनिकचे.

4. साबणाचा फेस. दोन सारख्या बाटल्यांत बोअरचे आणि नळाचे पाणी सारखे घ्या. अंगाच्या साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. ज्यात फेस कमी आणि साय जास्त, ते पाणी जड. कपड्यांची पावडर वापरू नका. तिला जड पाण्यातही फेस येतो, त्यामुळे फसगत होते.

शरीराला अपाय होतो का?

पाण्याच्या जडपणामुळे माणसाच्या आरोग्याला अपाय होतो असा ठोस पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. उलट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मुतखड्याचे मोठे कारण म्हणजे पाणी कमी पिणे. कंपनीत किंवा बांधकामावर उन्हात राबणारा माणूस, आणि संडासाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणारी बाई, यांना धोका जास्त. क्षाराच्या भीतीने पाणी कमी पिणे म्हणजे रोगाला बोलावणे. ज्यांना आधीच मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी किती व कोणते पाणी प्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

त्वचेला मात्र त्रास होऊ शकतो. जड पाण्यात साबणाची साय अंगावर राहते, त्वचा कोरडी पडते, खाज येते. साबण कमी वापरा, अंग नीट धुवा, पाणी कोमट ठेवा आणि अंग पुसल्याबरोबर खोबरेल तेल लावा. पण रात्री खाज वाढत असेल आणि घरात एकापाठोपाठ एक सगळ्यांना होत असेल, तर पाण्याला दोष देत बसू नका. ती खरूज असू शकते. सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.

जे दिसत नाही, ते जास्त घातक

पांढरी पूड डोळ्यांना दिसते म्हणून आपण घाबरतो. कॉलरा, टायफॉइड, कावीळ पसरवणारे जंतू स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असतात. 2025 च्या जानेवारीत पुणे परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याचा संशय आला आणि पाणी उकळून पिण्याचे आवाहन करण्यात आले. म्हणून पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा, झाकून थंड करा. वर आलेला किंवा खाली बसलेला क्षार नको असेल, तर निवळलेले पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या. हे पाणी थोडे हलके झालेले असते, डाळही त्यात चांगली शिजते. गिझरचे पाणी मात्र पिण्याला किंवा स्वयंपाकाला वापरू नका.

उकळून जंतू मरतात, सांडपाण्यातून आलेले नायट्रेट जात नाही. बोअरच्या जवळ गटार किंवा संडासाची टाकी असेल, तर पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिऊ नका. तान्ह्या बाळाचे दूध त्या पाण्यात मुळीच कालवू नका.

विक्रेत्याच्या सळ्या

मशीन विकणारा दोन ग्लासांत विजेच्या सळ्या बुडवतो. तुमचे पाणी काळे-तपकिरी होते, त्याचे स्वच्छ राहते. ती घाण तुमच्या पाण्यातली नसते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि सळईचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. त्याच्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून वीज वाहत नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा सळ्या लावायला सांगा. तेही पाणी काळे पडेल. टीडीएसचे मीटरसुद्धा फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, जंतू दाखवत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. तपासणीत आकडा त्याच्या वर गेला, तर आरओचा विचार जरूर करा. अहवाल हातात येण्याआधी हप्ता भरू नका.

हीटरची खपली कशी काढावी?

खपली जमली की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि सळई आतल्या आत तापून फुटते. फुटलेल्या सळईतून पाण्यात करंट उतरतो. खरा जिवाचा धोका इथे आहे.

- प्लग काढा आणि सळई पूर्ण गार होऊ द्या.
- प्लास्टिकच्या मगात एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घाला. फक्त खपलीचा भाग तासभर बुडवा. मूठ आणि वायर कोरडी ठेवा.
- जुन्या ब्रशने घासा, धुवा, पूर्ण वाळवा. सुरीने किंवा दगडाने खरवडू नका.
- संडासाचे अॅसिड वापरू नका. कोणतेही आम्ल ब्लीचिंगमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो.
- सळई आधी पाण्यात सोडा, मग बटन चालू करा. पाण्याला हात लावण्याआधी बटन बंद करून प्लग काढा. मूल जवळ असताना बादली सोडून जाऊ नका.
- आयएसआय शिक्क्याची सळई, अर्थिंग असलेले तीन पिनांचे सॉकेट आणि करंट उतरताच वीज तोडणारा स्विच, यांवर केलेला खर्च वाया जात नाही.

गिझर वर्षातून एकदा मेकॅनिककडून आतून साफ करून घ्या. गॅस गिझर असेल तर तो बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो.

बस्तीने मिळून करायचे काम

एकेका घराने घाबरण्यापेक्षा एका बोअरवरच्या सगळ्या घरांनी मिळून पाणी तपासून घ्यावे. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय घ्या. महिला मंडळाने पुढाकार घेऊन कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या किंवा महापालिकेच्या पाणी विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. अहवाल विहाराच्या फलकावर लावा, सगळ्यांना वाचू द्या.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र घालून, मंत्र म्हणून ते तळे 'शुद्ध' केले. आपल्या ओंजळीने पाणी बाटते असे मानणाऱ्यांची शुद्धी आपण नाकारली. मग आपल्या घरातले पाणी शुद्ध की अशुद्ध, हे अफवेने किंवा विक्रेत्याच्या सळईने का ठरावे? लिंबाचा थेंब टाकून पाहा, पाणी उकळून पाहा, अहवाल मागून पाहा. मग ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!