फॉरमॅट मारण्यापूर्वी

संगणक अकस्मात बंद पडू लागला, की दुरुस्तीस आलेल्या गृहस्थाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "फॉरमॅट मारून टाकू." माझ्या छोट्या मुद्रणालयातील संगणक पानांची जुळणी सुरळीत करी, परंतु जाडजूड पुस्तकाची पीडीएफ काढावयास घेतली, की ऐन मध्यावर पडदा काळा होऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई, तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला. तो मी मानला नाही. कारण फॉरमॅटने विंडोजच्या दप्तरी जमा झालेला पुरावा तेवढा नष्ट होतो, आणि दोष यंत्राच्या सुट्या भागात असेल, तर तो जागच्या जागी राहतो.

हे दप्तर म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. त्यात 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद वारंवार आढळली. तीवरून पुष्कळ लोक वीजपुरवठ्यास दोषी ठरवून मोकळे होतात. वस्तुतः यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढीच तिची साक्ष असते. मात्र तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोजने नोंदविलेला बिघाडाचा क्रमांक, शून्य होता, निळा पडदा एकदाही आला नव्हता, आणि कोसळल्याच्या नोंदी जिथे साठतात ते मिनिडम्पचे फोल्डर रिकामे होते. ड्रायव्हर बिघडला असता, तर यांपैकी काही खूण मागे राहण्याचा संभव अधिक. सबब संशय उष्णता, रॅम आणि वीज यांकडे वळला.

येथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक वेळी तेच जड काम करून पाहावे, हा दंडक मी कसोशीने पाळला. धूळ झाडली, प्रोसेसरचे तापमान पाहिले, ते बेताचेच होते. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालविली. रॅम निर्दोष ठरली. यूपीएस वगळून पाहिला. फरक पडला नाही. अखेर शेजारच्या संगणकाचा पॉवर सप्लाय जोडला, तेव्हा पीडीएफ निर्वेध निघाली. जुना पुन्हा जोडताच यंत्र पूर्ववत कोसळले. एवढ्यावर मी गुन्हा शाबीत मानला. पुढे जाणकार कारागिराने तो उघडून दाखविला, तेव्हा आतील कपॅसिटरांचे माथे फुगून त्यांवर तपकिरी खपली धरली होती.

वाचकांनी मात्र पॉवर सप्लाय स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात जीवघेणा विद्युत्भार शिल्लक राहू शकतो. आणि सर्वांत आधी, यंत्र जोवर सुरू होत आहे तोवर, कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. तपास त्यानंतर सावकाश करता येतो.