पिंजऱ्यातील भांडी आणि घरचे आरोग्य

कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात भाकरीलाही लगेच बुरशी येते; मग पिंजऱ्यातील दाण्यांचे काय? माझ्या घरची कॅनरी पक्ष्यांची जोडी एका जुलै महिन्यात आठवड्याभरात दगावली. दाण्याची प्लॅस्टिकची वाटी वरून स्वच्छ दिसत होती. आत बोट फिरवले, तेव्हा ओरखड्यांतला बुळबुळीत थर हाताला लागला. चूक माझीच होती.

दाण्यांसाठी स्टेनलेस स्टीलची वाटी घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेली नको; पोटात गेलेले जस्त पक्ष्यांना विषारी ठरते. पाण्यासाठी बाहेरून अडकवायची नळी बरी, तीत विष्ठा पडत नाही. मात्र तिचे तोंड ब्रश आत जाईल इतके रुंद असावे. उघडी वाटी बसण्याच्या दांडीखाली कधीही ठेवू नये.

पाणी रोज बदलावे, ओलसर राळे टाकून द्यावे. भांड्यांचे दोन जोड ठेवावेत. एक वापरात असताना दुसरा गरम पाणी व साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. मात्र ही भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. पक्ष्यांच्या विष्ठेतील साल्मोनेला जंतूंमुळे माणसांनाही जुलाब होतात. म्हणून पिंजऱ्याला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुण्याची सवय लावावी.