आधी वापर, मग अंदाजपत्रक

गावातल्या बागेच्या सुधारणेत रहिवाशांचा सहभाग म्हणजे तयार नकाशाला ग्रामसभेत हात वर करून घेणे नव्हे. जागेवर काय हवे, काय नको आणि पुढे ते कोण सांभाळणार, हे अंदाजपत्रक होण्याआधी वापरणाऱ्यांनी ठरवणे म्हणजे सहभाग. हा क्रम उलटला की लोकांच्या सूचनांना जागाच उरत नाही. तांत्रिक मंजुरीनंतर एखादी बाब बदलायची तर सुधारित अंदाजपत्रक करावे लागते, तोवर मार्च तोंडावर येतो आणि ‘पुढच्या टप्प्यात बघू’ एवढेच उत्तर मिळते. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. माहिती देणे आणि मत विचारणे या त्यांतल्या मधल्या पायऱ्या, निर्णयात वाटा ही वरची. बागेची बहुतेक कामे मधल्या पायऱ्यांवरच थांबतात.

पहिले काम जागेचा कागद पाहण्याचे. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात मोकळी जागा गावठाणातली, शाळेची किंवा गायरानही असू शकते. सातबाऱ्यावर गायरान अशी नोंद असेल तर तिथे बाग करण्याचा निर्णय एकट्या ग्रामपंचायतीला घेता येत नाही. चराईखेरीज वापरासाठी शासनाची परवानगी लागते. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात राज्यांना आदेश दिल्यापासून या नोंदींना जास्तच महत्त्व आले आहे. मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्याशिवाय कुंपणाची चर्चा काढली, तर बाग बाजूला राहते आणि बांधाचे भांडण उभे राहते.

दुसरे काम सध्याचा वापर पाहण्याचे. पॅट्रिक गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आराखड्याआधी पाहणी, हा त्यांचा आग्रह होता. खानदेशात ही पाहणी एका दिवसात होत नाही, कारण ऋतू पालटतो तसा जागेचा वापर पालटतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला झोके बांधतात. मिरचीच्या दिवसांत मोकळे अंगण मिरची वाळवायच्या पथारीच्या कामी येते. लग्नसराईत तिथेच मांडव पडतो, संध्याकाळी पोरांचे क्रिकेट चालते, दुपारी म्हातारी माणसे पारावर टेकतात. हे न पाहता केलेल्या कामाचे परिणाम ठरलेले असतात. आडवी फांदी छाटून तिथे लोखंडी झोपाळा बसतो आणि वैशाखात त्याच्या साखळीला हात लावता येत नाही. उघड्यावरच्या ओपन जिमचे हँडलही तसेच तापते. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवून बसवले की मुळांना पाणी पोचत नाही आणि सावली देणारे झाडच वाळू लागते.

तिसरे काम विचारण्याचे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित सभेआधी महिलांची सभा भरवावी लागते. गणपूर्ती साधारणपणे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या. ती नसल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट राहत नाही. बागेचा ठराव अशा सभेत मूठभरांच्या सह्यांनी झाला, तर तो कायद्याला चालतो, गावाला चालत नाही. म्हणून सभेआधी वस्तीवस्तीत बसणे आवश्यक ठरते. मजुरीला जाणाऱ्यांसाठी ही बैठक रात्री जेवणानंतर हवी. बोलणे अहिराणीत, गुजरीत, भिलीत, ज्याच्या त्याच्या बोलीत व्हावे. ठराव मराठीत लिहिता येतो. ‘बागेत काय हवे?’ असे विचारले की कारंजे आणि सेल्फी पॉइंट पुढे येतात. ‘इथे कोण, कधी, कशासाठी येते आणि कोण येत नाही?’ असे विचारले की दिवा, बसायला कट्टा, शौचालय आणि गुरे आत न येणारे फाटक यांची गरज कळते.

नकाशा कागदावर सगळ्यांना वाचता येत नाही. त्यासाठी मैदानातल्यासारखी फक्की मारून जागेवरच आखणी करावी: वाट इथून, कट्टा इथे, खेळायची जागा एवढी. आठवडाभर ती आखणी तशीच ठेवली की मांडवाला जागा उरत नाही किंवा ट्रॅक्टर वळत नाही, हे चालता चालता लक्षात येते. फक्की पुसून रेघ सरकवता येते, काँक्रीट सरकवता येत नाही.

चौथी बाब पैशाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातला ६० टक्के वाटा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. बागेसारखी कामे उरलेल्या अबंधित रकमेत रस्ते-दिव्यांच्या रांगेत उभी राहत. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून राबवली जाते, तेव्हा उन्हाळ्यातली पाहणी आणि पावसाळ्यातल्या वस्तीबैठका त्याआधी उरकायला हव्यात. शहरातला अनुभवही हेच सांगतो. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. सूचना मागवायची मुदत अपुरी पडते आणि कोणती सूचना का नाकारली ते कळत नाही, हे तिच्यावरचे मुख्य आक्षेप राहिले. नाकारलेल्या मागण्या कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्या, तर निम्मी नाराजी तिथेच मिटते.

शेवटची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी बाब देखभालीची. ठेकेदाराचे बिल मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीवर निघते. मे महिन्यात झाडांना पाणी कोण घालणार, याची नोंद त्या पुस्तिकेत नसते. टंचाईत टँकर येणाऱ्या गावात हिरवळ लावणे म्हणजे पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा लावणे. तिथे निंब, करंज, चिंच बरी. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने शेकडो हेक्टर जंगल राखले. तिथले नियम गावाने बसून ठरवले आणि मोडणाऱ्याला दंडही गावानेच लावला, म्हणून ते टिकले. बागेसाठीही विजेचे बिल कोणत्या निधीतून भरायचे, फाटकाची किल्ली कोणाकडे, मांडवाला जागा किती दिवस आणि किती अनामतीवर द्यायची, मोडतोडीची भरपाई कोणी करायची, हे कामाच्या ठरावातच लिहावे. वर्षातून एकदा ग्रामसभेत या नोंदींचा आढावा घ्यावा आणि वापर बदलला असेल तर नियमही बदलावेत.